एका डोळ्याचे पाणी : पूयालस व नेत्रनाडी यांचे निदान आणि उपचार

उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यात व्यवसाय करणाऱ्या वैद्यबंधू-भगिनींना 'डोळ्यातून पाणी येते' ही तक्रार नित्याची आहे. तिचे कारणही रुग्ण बहुधा स्वतःच सांगतो. अंबरनाथचा रुग्ण कारखान्यांच्या धुराला दोष देतो, उल्हासनगरचा वालधुनीच्या दर्पाला, शिवणकामाच्या खोलीत दिवस काढणारा कापडाच्या तुसाला, तर रोज लोकलच्या दारात उभा राहून मुंबई गाठणारा बदलापूरकर वाऱ्याला. ही कारणे खोटी नाहीत. नोव्हेंबर 2014 च्या अखेरीस वालधुनीत रसायन ओतले गेले, तेव्हा उल्हासनगरातील शेकडो लोकांना रुग्णालयात न्यावे लागले होते, हे येथील कोणी विसरलेले नाही. परंतु अशी ठळक कारणे हाताशी असली की वैद्याची चिकित्सक बुद्धी शिथिल होते. धूर, दर्प आणि वारा दोन्ही डोळ्यांना सारखेच लागतात. महिनोन्‌महिने एकाच डोळ्यातून पाणी गळत असेल, तर कारण हवेत नसून त्या डोळ्याच्या कनीनक संधीत शोधले पाहिजे.

हे आम्ही पुस्तकातून शिकलो नाही. काही वर्षांपूर्वी वांगणीकडील एक शेतकरी स्त्री, वय पन्नाशीच्या आत, उजव्या डोळ्याच्या पाण्यासाठी आमच्याकडे आली. वेदना नाही, लाली जवळजवळ नाही, सकाळी थोडी चिपडे, एवढीच तक्रार. आम्ही अभिष्यंदाच्या अनुषंगाने त्रिफळा क्वाथाने नेत्रप्रक्षालन व पोटात औषध दिले. तिला थोडे बरे वाटले आणि ती पुन्हा आली नाही. पुढच्या वर्षी भाताच्या झोडणीत त्याच डोळ्यात कुसळ गेले. तीन दिवसांनी ती आली तेव्हा कृष्णमंडलावर पांढरा व्रण होता आणि त्यामागे पुवाची पातळी दिसत होती. आम्ही नाकाच्या मुळाशी बोट दाबले, तो अश्रुछिद्रातून दाट पू वर आला. तो पू तेथे किमान वर्षभर साठलेला होता, आणि आम्ही वर्षापूर्वी बोट दाबले नव्हते. तिला तत्काळ मुंबईच्या रुग्णालयात पाठविले. डोळा वाचला, पण कृष्णमंडलावर दाट फूल राहिले आणि त्या डोळ्याला आज केवळ उजेड-अंधार कळतो. कुसळ अनेकांच्या डोळ्यांत जाते आणि बहुतेकांचे दोन दिवसांत बरे होते. या स्त्रीच्या डोळ्यात जंतूंचे कोठार आधीच भरलेले होते, हाच काय तो फरक.

शास्त्राने काय म्हटले आहे ते प्रथम पाहू. सुश्रुतांनी गणलेल्या 76 नेत्ररोगांपैकी 9 संधिगत आहेत. पूयालस, उपनाह, चार प्रकारचे स्राव, पर्वणिका, अलजी व कृमिग्रंथी. पैकी पूयालसाचे लक्षण म्हणजे संधीत उत्पन्न होऊन पिकणारा आणि दाट, दुर्गंधी पू स्रवणारा शोथ. आधुनिक परिभाषेतील तीव्र अश्रुकोषशोथाशी हे वर्णन बरेच जुळते. परंतु आमच्या मते अधिक विचार करण्याजोगे वर्णन स्रावांचे आहे. दोष अश्रुमार्गाने संधीत जाऊन कनीनकाच्या ठिकाणी वेदनारहित स्राव उत्पन्न करतात, आणि काही आचार्य यालाच नेत्रनाडी म्हणतात, असे सुश्रुत सांगतात. 'अश्रुमार्ग' आणि 'वेदनारहित' हे दोन शब्द लक्षात ठेवले तर जीर्ण अश्रुकोषशोथाचे निदान अर्धे झाले. वेदना नसल्यामुळेच रुग्ण उशिरा येतो आणि वैद्यही त्याला किरकोळ समजतो. जुनी माणसे कोपऱ्यातून वाहणाऱ्या अशा डोळ्याला नासूर झाले असे म्हणत. त्या बोलीतल्या निदानात 'नाडी'चीच कल्पना आहे.

साध्यासाध्यतेतही हाच भेद आहे. पूयालस सुश्रुतांनी सिरावेध करण्यायोग्य पंधरा नेत्ररोगांत घेतला आहे, म्हणजे तो साध्य कोटीतला. चारही स्राव मात्र असाध्यांत गणले आहेत. काहीजण याला प्राचीनांची निराशा समजतात. आम्हाला ते अत्यंत प्रामाणिक निरीक्षण वाटते. जेथे मार्गच बंद झाला आहे तेथे केवळ औषधाने तो उघडत नाही, हे त्यांनी पाहिलेले होते. अर्म छेदनाच्या प्रकरणात ते आणखी एक सूचना देतात. कनीनकाला इजा झाल्यास रक्तस्राव किंवा नाडी उत्पन्न होते, म्हणून अर्माचा चतुर्थांश शिल्लक ठेवून थांबावे. शस्त्र चालविणाऱ्याच्या अनुभवातूनच अशी सूचना येऊ शकते.

आता रचना थोडक्यात. वरच्या व खालच्या पापणीच्या आतल्या टोकाशी एकेक अश्रुछिद्र असते. तेथून बारीक नलिका अश्रुकोषात जातात. हा कोष नाकाच्या मुळाशी अस्थीच्या खोबणीत बसलेला असून त्याची लांबी सुमारे 12 ते 15 मिलिमीटर असते. त्याच्या खालून निघणारी नासाश्रुवाहिनी नाकातील खालच्या शुक्तिकेखाली उघडते. रडताना नाक गळते ते याच मार्गाने. ही वाहिनी अरुंद झाली वा बुजली की अश्रू कोषात साचतात, कफसदृश होतात, त्यात जंतू वाढतात आणि पू तयार होतो. मध्यम वयाच्या स्त्रियांत हा विकार अधिक आढळतो, कारण त्यांची अस्थिमय वाहिनी तुलनेने अरुंद असते. जीर्ण प्रतिश्याय, नाकाचा वाकलेला पडदा, नासार्श, पूर्वी नाकाला झालेली इजा यांची चौकशी म्हणूनच करावी. नाकात न पाहता अश्रुमार्गाची चिकित्सा करणे म्हणजे गटाराचे एकच तोंड पाहून निदान करणे होय.

निदानाची मुख्य परीक्षा अर्ध्या मिनिटाची आहे आणि तिला उपकरण लागत नाही. रुग्णाला उजेडाकडे तोंड करून बसवावे. हात धुवून, नख कापलेल्या तर्जनीने डोळ्याच्या आतल्या कोपऱ्याजवळ, नाकाच्या बाजूला, अस्थीच्या कडेच्या किंचित आत हलका पण निश्चित दाब द्यावा आणि दृष्टी अश्रुछिद्रावर ठेवावी. बोट डोळ्यावर नव्हे, कोषावर पडले पाहिजे. छिद्रातून कफसदृश वा पूययुक्त द्रव वर आला तर निदान झाले. मात्र काही आले नाही म्हणून कोष निर्दोष ठरत नाही. अनेक रुग्णांना सकाळी स्वतःच कोपरा दाबून पू काढण्याची सवय असते. अशा रुग्णाला दुसऱ्या दिवशी न दाबता येण्यास सांगावे. कधी वरच्या नलिकाही बंद होतात, मग कोष फुगलेला हाताला लागतो पण दाबाने काही बाहेर येत नाही. शालाक्यतंत्रात प्रशिक्षित वैद्य बारीक बोथट सुईने निर्जंतुक लवणजल सोडून अडथळ्याची जागाही ठरवू शकतो. खालच्या छिद्रातून सोडलेले पाणी वरच्या छिद्रातून कफासह परतले तर अडथळा कोषाच्या खाली आहे, आणि त्याच छिद्रातून स्वच्छ परतले तर तो नलिकेत आहे. सामान्य व्यावसायिकाने ही परीक्षा करू नये. बोटाची परीक्षा मात्र प्रत्येकाने करावी.

एका डोळ्यातून पाणी येण्याची अन्य कारणेही आहेत. अर्दितात पापणी सैल होते आणि अश्रू ओघळतात. वृद्धांत खालची पापणी बाहेर उलटते. पापणीचा केस आत वळून बुबुळाला टोचतो. डोळ्याच्या कोरडेपणातही, विरोधाभास वाटला तरी, पाणी येते. रांजणवाडी पापणीच्या कडेवर असते, कोपऱ्याच्या खोलात नसते, त्यामुळे तिचा घोटाळा फारसा होत नाही. परंतु तीन चिन्हे दिसली तर निदानाच्या चर्चेत वेळ घालवू नये. कोपऱ्यातील गाठ आतल्या स्नायुबंधाच्या वर चढलेली असणे, अश्रूंत रक्त येणे, आणि गाठ कठीण व दाबाने कमी न होणारी असणे. या तीनपैकी कोणत्याही चिन्हात कोषाच्या अर्बुदाची शंका घेऊन रुग्णाला त्याच आठवड्यात मोठ्या रुग्णालयात पाठवावे.

तीव्र अवस्था ओळखणे कठीण नाही. आतल्या कोपऱ्याखाली लाल, उष्ण, अतिशय दुखरी सूज, पापण्या व गाल सुजलेले, कधी ज्वर. तीन-चार दिवसांत तेथे विद्रधी होऊन तो त्वचेतून फुटतो, आणि दुर्लक्ष झाल्यास तेथे कायमचा नाडीव्रण राहतो. या अवस्थेत दाबून पू काढण्याचा मोह आवरावा. सुई घालून मार्ग धुणेही वर्ज्य, कारण त्यायोगे संसर्ग भोवतालच्या धातूंत पसरतो. डोळा पुढे आलेला, हालचाल करताना दुखणारा, दृष्टी मंद किंवा एकाची दोन दिसणारी असेल तर संसर्ग नेत्रकोटरात उतरला आहे असे समजावे. अशा रुग्णाला तासाभरातही थांबवू नये. मधुमेह्यांत हे सर्व वेगाने घडते. म्हणून रक्तशर्करा पहिल्याच भेटीत पाहावी.

ग्रंथांत पूयालसासाठी रक्तमोक्षण, उपनाह आणि अक्षिपाकाची सर्व चिकित्सा सांगितली असून कासीस, सैंधव व आर्द्रक यांचे मधासह अंजनही दिले आहे. यातील काय आज आपल्या चिकित्सालयात करावे, याविषयी आम्ही स्पष्ट मत देतो. उपनाहाचा आशय म्हणून स्वच्छ कापडाने दिवसातून तीन-चार वेळा सुखोष्ण शेक द्यावा. तो रुग्णाला आराम देतो. सिरावेध वा जळू कनीनकाच्या जागी कदापि लावू नये. तेथून जाणाऱ्या शिरेचा संबंध कपालाच्या आतील शिरांशी आहे, आणि जळवेच्या आतड्यातील जंतूंनी व्रण दूषित होतो हेही आता ज्ञात आहे. अंजनाविषयी तर शास्त्राचाच निर्देश पुरेसा आहे. आमावस्थेत अंजन नको. उपद्रव शांत होण्यापूर्वी तर्पणही नको. आणि मार्ग बंद असताना घातलेले चूर्ण, मध वा घृत जाणार कोठे? जे अश्रूंना बाहेर जाऊ देत नाही ते अंजनालाही जाऊ देत नाही. ते कोषात पुवाबरोबर साचून राहते.

पोटात आम्ही लघु आहारासह त्रिफळा गुग्गुळ, गंधक रसायन व गुडूची यांचा उपयोग करतो. परंतु तीव्र पूयालसात ही सहायक औषधे होत. तोंडाने, प्रसंगी शिरेतून, योग्य प्रतिजैविक देणे आणि विद्रधी झाल्यास शस्त्राने निचरा करणे यांना पर्याय नाही. 'आमच्या औषधाने बसते का पाहू' म्हणून घालविलेले दोन दिवस रुग्णाला महाग पडतात. हे लिहिताना संकोच वाटत नाही, कारण पक्व शोथाचे भेदन करावे हे सुश्रुतांनीच शिकविले आहे.

जीर्ण अवस्थेत घाई नसते, आणि म्हणूनच हयगय होते. औषधाने चिपडे कमी होतात, दुर्गंधी जाते, रुग्ण समाधानी होतो. अडथळा तेथेच राहतो. यावर उपाय अश्रुकोष व नाक यांच्यामध्ये नवा मार्ग करणे हाच आहे. इटलीतील अद्देओ तोती यांनी 1904 मध्ये बाहेरून छेद घेऊन ही शस्त्रक्रिया प्रचारात आणली. आता ती नाकातून दुर्बिणीनेही होते आणि चेहऱ्यावर व्रण राहत नाही. दहापैकी सुमारे नऊ रुग्णांत ती यशस्वी होते. अतिवृद्ध वा अशक्त रुग्णांत कधी केवळ कोष काढून टाकतात. मग पाणी येत राहते, पण पुवाचा धोका टळतो. नोव्हेंबर 2020 च्या केंद्रीय अधिसूचनेत पदव्युत्तर शिक्षणातील 58 शस्त्रकर्मांची यादी आली, त्यांत शालाक्याची 19 आहेत. तथापि पदवी आणि हातसफाई या भिन्न गोष्टी आहेत. हे कर्म नित्य करणाऱ्या शस्त्रकर्त्याकडेच रुग्ण पाठवावा, मग तो कोणत्याही पॅथीचा असो.

शस्त्रक्रियेचे नाव काढताच आमच्या भागातील रुग्ण दोन प्रश्न विचारतो. 'दुखत नाही, मग कापायचे कशाला?' आणि 'मुंबईला किती खेपा?' दुसरा प्रश्न खरा आहे. शीव, परळ वा भायखळ्याच्या मोठ्या रुग्णालयात जाणे म्हणजे बदलापूरच्या मजुराचा प्रत्येक खेपेला एक रोज बुडतो. म्हणून येथे होण्याजोगे सर्व येथेच करून द्यावे. रक्तदाब, रक्तशर्करा, रक्तस्राव-रक्तस्कंदनाचा काळ, नाकाची तपासणी, चालू औषधांची यादी. रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू असल्यास ते ठळक लिहावे. पहिल्या प्रश्नाचे उत्तर देताना आम्ही त्या वांगणीच्या स्त्रीची हकीकत सांगतो.

मोतीबिंदूविषयी विशेष सावधगिरी हवी. आपल्या परिसरात मोतीबिंदूची शिबिरे भरतात आणि त्यांना रुग्ण पाठविणारे बहुधा आपणच असतो. अश्रुकोषात पू असताना मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झाली तर जंतू नेत्रगोलात शिरून डोळा कायमचा जाऊ शकतो. म्हणूनच नेत्रशल्यक अश्रुमार्ग तपासल्याशिवाय शस्त्र घेत नाहीत. पण गर्दीच्या दिवशी एखादा रुग्ण सुटणे अशक्य नाही. ज्याला आपण वर्षानुवर्षे ओळखतो, ज्याच्या रुमालाचा एकच कोपरा ओला असतो हे आपण पाहिलेले असते, त्याचा कोष आपण दाबून पाहावा आणि चिठ्ठीवर तसे लिहावे.

तान्ह्या मुलांची गोष्ट वेगळी व दिलासा देणारी आहे. वाहिनीच्या खालच्या टोकाचा पातळ पडदा जन्मतः उघडलेला नसतो, म्हणून पहिल्या काही आठवड्यांत एक डोळा पाणावलेला व चिकट राहतो. दहापैकी सुमारे नऊ बालकांत तो वर्षाच्या आत आपोआप मोकळा होतो. आईला कोषावर मर्दन शिकवावे. हात स्वच्छ, नखे कापलेली, बोट आतल्या कोपऱ्यावर ठेवून आत दाबत नाकाच्या बाजूने खाली आणावे. असे पाच ते दहा वेळा, दिवसातून तीन-चार वेळा. ही पद्धत क्रिग्लर यांनी 1923 मध्ये मांडली. अभ्यंगाची परंपरा असलेल्या आपल्या घरांत ती आयांना चटकन जमते. आजीबाईंना मात्र प्रेमाने सांगावे की डोळ्यात काजळ, सुरमा, दूध वा मध घालावयाचा नाही. कित्येक सुरम्यांत शिसे आढळते हा निराळाच धोका. वर्ष उलटूनही पाणी थांबले नाही तर नेत्रतज्ज्ञ सळईने पडदा उघडतात. जन्मतःच कोपऱ्यात निळसर गाठ दिसली, तान्ह्याच्या कोपऱ्यात लाल सूज व ज्वर आला, किंवा मूल उजेडाने डोळे मिटते आणि बुबुळ मोठे, धुरकट दिसते, तर मर्दनात वेळ दवडू नये. शेवटचे चिन्ह जन्मजात काचबिंदूचे असू शकते.

औषधी विक्रेत्या बंधूंनी येथपर्यंत वाचले असेल तर पुढील मजकूर विशेषकरून त्यांच्यासाठी आहे. असा रुग्ण वैद्याच्या आधी दुकानात येतो. तो 'डोळ्याचा ड्रॉप' मागतो, गतवेळचे रिकामे खोके दाखवितो. त्या खोक्यावर बऱ्याचदा प्रतिजैविक आणि स्टेरॉइड यांचा संयोग असतो. हे औषध अनुसूची 'एच' मधील असून चिठ्ठीविना द्यावयाचे नाही. स्टेरॉइडने लाली उतरते, ग्राहक संतुष्ट होतो, आणि कृष्णमंडलावर व्रण असेल तर तो आतल्या आत वाढतो. दीर्घकाळ वापराने काचबिंदूही होतो. आयुर्वेदीय नेत्रबिंदूंनाही सवलत नाही. निर्जंतुक निर्मितीचा उल्लेख नसलेली, सुट्या मधापासून वा गुलाबपाण्यापासून बनविलेली बाटली डोळ्यासाठी देऊ नये. उघडलेली बाटली महिन्यानंतर टाकून द्यावयास सांगावे.

आमच्या परिचयाच्या एका अंबरनाथच्या दुकानदारांनी यावर साधी रीत बसविली आहे. तेच औषध दुसऱ्यांदा मागणाऱ्यास ते विचारतात, 'एकाच डोळ्याला की दोन्ही?' एकाच म्हटले की औषध न देता ग्राहकाला वैद्याकडे पाठवितात. त्यांनी पाठविलेला पहिला रुग्ण जीन्स शिवणारा एक तरुण होता. कोष दाबताच पू आला. दोन वर्षे तो तुसालाच दोष देत होता. त्याची शस्त्रक्रिया नाकातून झाली आणि दोन आठवड्यांत तो यंत्रावर परत बसला. दुकानदारांचे एका बाटलीचे गिऱ्हाईक त्या दिवशी गेले खरे. पण तेव्हापासून त्या तरुणाच्या घरची सारी औषधे त्यांच्याकडूनच जातात, असे ते हसत सांगतात.

रुग्ण पुढे पाठविताना चिठ्ठीवर एवढे असावे : कोणता डोळा, किती महिने, दाबाने काय आले, पूर्वी तीव्र सूज आली होती काय, दृष्टी किती, मधुमेह आहे काय, आणि आजवर डोळ्यात काय काय घातले. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर रुग्ण डॉक्टरांसमोर लपवितो आणि आपल्याला मोकळेपणी सांगतो, म्हणून ते आपणच लिहावयाचे.